‘क्राउन गॉल’ला मराठीत काय म्हणावं?

गुहागरहून विचारणा:
अंगणातल्या गुलाबाच्या कलमाला अगदी मातीला टेकून सुपारीएवढा गोळा आलाय. वरून खडबडीत, पण नख सहज रुततं, आतून पांढरट. कलम घाटावरच्या एका रोपवाटिकेतलं. कृषीला शिकणाऱ्या भाचीने फोटो बघून ‘क्राउन गॉल’ म्हणून सांगितलं. एका माहितीपत्रकात त्यालाच ‘मुकुट गाठ’ म्हटलेलं वाचलं. पण मुकुट डोक्यावर असतो, हा गोळा तर झाडाच्या पायाशी आहे! मराठीत नीट शब्द आहे का?

दापोलीहून:
‘मुकुट’ चूकच. क्राउन म्हणजे इथे खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा. तिला आपल्याकडे बुडखा हा शब्द आहेच, तोच घ्यावा.

मला खरी अडचण ‘गाठ’ची वाटते. भात कापल्यावर आपण मळ्यात कुळीथ किंवा कडवे वाल करतो. त्याचं रोप हलक्या हाताने उपटून बघा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एखादी चिरली तर आत गुलाबी-लालसर असते. त्या रायझोबियम जिवाणूच्या, हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या. क्राउन गॉल करणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स हा त्याचाच जवळचा भाऊबंद. एक गाठ यावी म्हणून आपण बियाण्याला जिवाणू चोळतो, दुसरी आली तर झाड उपटून जाळतो. शिवाय भाजीपाल्याच्या मुळांवर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत, करतात त्याही गाठीच. मी वर्गात शिकवते, तेव्हा मुलं तिन्ही हमखास एकत्र करतात.

रत्नागिरीहून:
मग ‘अर्बुद’, म्हणजे ट्यूमर, का नको? सुश्रुतापासूनचा शब्द आहे.

दापोलीहून:
अर्थाने अगदी बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते सांगण्यासारखं आहे. १९०७ साली अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी डेझीच्या रोपांवर दाखवून दिलं की हा रोग जिवाणूमुळे होतो. पुढे १९४० च्या दशकात आर्मिन ब्राउन यांनी प्रयोगाला रोप घेतलं सदाफुलीचं, तेच आपल्या दारातलं. कारण ते उष्णता सोसतं. रोगट रोप त्यांनी ४६-४७ अंशांत काही दिवस ठेवलं. जिवाणू मेले, सदाफुली जगली, आणि गोळा वाढतच राहिला! म्हणजे झाडाच्या पेशीच बदलल्या होत्या. कशा, ते १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं: जिवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. त्या तुकड्याच्या हुकमाने पेशी वाढीची संप्रेरकं बनवत सुटतात, आणि जिवाणूला खायला ओपाइन नावाचे पदार्थही. म्हणून याला फोड किंवा गळू म्हणता येणार नाही, आणि बांडगूळ तर नाहीच, ते वेगळं झाड. हा गोळा झाडाच्याच मांसाचा.

फक्त ‘अर्बुद’ म्हटल्यावर बागायतदार पुढचं ऐकत नाही.

देवगडहून:
आमच्या आजीचा शब्द सांगतो. कलमाच्या खोडावर असं काही वाढलेलं दिसलं की ती म्हणायची, “झाडाक आवाळू इला.” माणसाच्या मानेवर येतं ते आवाळू: अंगचंच मांस, पू नाही, ठणका नाही, नुसतं वाढत जाणारं. तुमच्या वर्णनाला हाच शब्द बसतो. ‘बुडख्याचं आवाळू’ म्हणा.

रत्नागिरीहून:
पण माणसाचं आवाळू सहसा निरुपद्रवी असतं.

दापोलीहून:
मोठं झाडही यासकट बरीच वर्षं काढतं. कोवळं रोप मात्र खुरटतं, कारण बुडख्याशीच पाण्याची वाट अडते. मला शब्द पटला. शास्त्रीय लेखात अर्बुद, बागेत आवाळू, आणि ‘गाठी’ कुळथाला राहू द्या.

गुहागरच्या ताईंना एक सांगणं: ते कलम मुळाभोवतीच्या मातीसकट काढा आणि जाळा. जिवाणू जखमेतून शिरतो आणि मातीत टिकतो, म्हणून त्या खड्ड्यात पुन्हा गुलाब नको. छाटणीची कात्री स्पिरिटने पुसा.

गुहागरहून:
आज कलम काढलं. शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या, “काय झालं गो त्याला?” मी म्हटलं, बुडख्याला आवाळू आलंय. काही न विचारता त्या घरी गेल्या आणि आपल्या गुलाबांची बुडाची माती उकरून बघू लागल्या.