शार्पनिंग किती करायचं? हतनूरचे पक्षी, केळीबाग आणि १२ × १८ ची प्रिंट

तापीकाठ:
राम राम मंडळी. २४ मेगापिक्सेलची क्रॉप सेन्सर बॉडी, १५०-६०० लेन्स, रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), लाइटरूम क्लासिक (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर). शार्पनिंगचा, म्हणजे कडा ठळक करण्याचा, आकडा काही केल्या बसत नाही. हतनूर धरणाच्या पाण्यावरच्या चक्रवाकाची पिसं (आयएसओ १६००) अमाउंट ४० वर मऊ वाटतात. ९० केलं की पिसं उठतात, पण मागच्या पाण्यात रवा (नॉइज, म्हणजे दाणेदारपणा) पडतो. रावेरकडच्या केळीबागेच्या वाइड फोटोत पानांच्या कडेला, आकाशाला लागून पांढरी रेघ येते. आणि मॉनिटरवर बरोबर वाटणारा फोटो १२ × १८ इंचांच्या प्रिंटमध्ये मऊ, तोच व्हॉट्सअ‍ॅपवर करकरीत! एकच प्रीसेट (ठरलेल्या आकड्यांचा संच) करून ठेवता येईल का?

सातपुडा_रेंज:
नाही भाऊ, एका प्रीसेटमध्ये हे बसणार नाही. सेन्सरवरचा बायर फिल्टर (रंग टिपणारी जाळी), आणि असलाच तर लो-पास फिल्टर (अति बारीक तपशील किंचित मऊ करणारा), यांच्यामुळे रॉ फाइल मुळातच जरा मऊ असते. डिटेल पॅनेलमध्ये फक्त तेवढी भरपाई करायची. डोळा, चोच अशा जागी जास्त हवं ते मास्कच्या ब्रशने. प्रिंटसाठी किंवा स्क्रीनसाठीचं अगदी शेवटी, आकार बदलून झाल्यावर. ब्रूस फ्रेझर यांनी मांडलेली ही तीन टप्प्यांची पद्धत आजही चुकत नाही.

शार्पनिंगने नवा तपशील येत नाही. कडेची उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद होते, एवढंच. सॉफ्टवेअरला पीस आणि रवा यांतला फरक कळत नाही, दोन्ही उचलले जातात.

म्हणून चक्रवाकाला आधी डीनॉइज करा. मग १०० टक्के झूमवर डोळा समोर आणा. रेडियस (कडेचा परिणाम किती रुंद) ०.८, डिटेल (बारीक पोत किती उचलायचा) २५ च्या आसपास. आता ऑल्ट दाबून मास्किंग सरकवा: पांढरं दिसेल तिथे शार्पनिंग लागतं, काळं दिसेल तिथे नाही. पाणी पूर्ण काळं आणि पक्ष्याची कड, डोळा, पंखांच्या रेषा पांढऱ्या, अशा जागी थांबा. बहुतेक ७० ते ८५ च्या दरम्यान येतं. अमाउंट मुद्दाम १२० पर्यंत न्या, कुठे खटकतं ते बघा आणि मागे या. अशा फाइलला ६० ते ७० पुरतं. फिट व्ह्यूमध्ये कधीच ठरवू नका.

केळीच्या पानाची रेघ आधी ओळखा. एक-दोन पिक्सेलची बारीक, पांढरी असेल तर शार्पनिंगची: रेडियस ०.७ वर आणा, अमाउंट ४० पुरे. रुंद, धूसर पट्टा असेल तर दोष क्लॅरिटीचा (उठाव वाढवणारा स्लायडर) किंवा डिहेझचा (धुकं काढणारा स्लायडर), शार्पनिंग कितीही कमी केलं तरी जाणार नाही. जांभळी-हिरवी असेल तर लेन्सची, तिथे ‘रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन’ला टिक करा. पानावरच्या शिरा एकमेकींना समांतर आणि दाट असतात, त्यामुळे डिटेल ५०-६० वर नेलं की पान फणीसारखं दिसायला लागतं.

पाणवठा_४२५:
वरचं सगळं बरोबर, पण फाइल त्या लायकीची आहे का ते आधी बघा. आपल्याकडे मार्चपासून सकाळी नऊ-दहानंतर पाण्यावर आणि मातीवर हवा लहरायला लागते. ६०० एमएमवर लांबचा पक्षी त्यात विरघळतो. एकाच बर्स्टमधल्या (सलग टिपलेल्या) फ्रेम आळीपाळीने बऱ्या-वाईट निघाल्या आणि पक्ष्याची कड दर फ्रेमला वेगळी वाकली, तर ती उन्हाची करामत. त्याला स्लायडर नाही. लवकर जा किंवा अंतर कमी करा. कड एकाच दिशेला दुहेरी दिसली तर हात हलला आहे: ६०० एमएम क्रॉपवर म्हणजे ९०० धरून, स्टॅबिलायझर नसेल तर निदान १/१०००, उडत्या पक्ष्याला १/२०००. पक्षी मऊ पण पुढचं गवत कडक, तर फोकस चुकला. असे फोटो सरळ डिलीट.

तापीकाठ:
पट्टा रुंदच निघाला, डिहेझ ३५ होतं! आता प्रिंटचं सांगा. लॅबवाला म्हणतो, शार्प आम्हीच करतो.

प्रिंटवाला_धुळे:
मग लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर दोनदा होईल.

६००० × ४००० ची पूर्ण फाइल १२ × १८ ला ३३३ पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) देते, म्हणजे भरपूर. पण पक्षी जवळ आणायला लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली असेल तर १६६ च उरतात, आणि मग मऊपणा तिथूनच येतो. कागदावर शाई थोडी पसरते, मॅटवर जास्त. त्यामुळे प्रिंटची फाइल स्क्रीनवर किंचित जास्त शार्प दिसायलाच हवी. इथे १०० टक्के झूमवर घाबरून स्लायडर मागे घेऊ नका, ५० टक्क्यांवर बघा. लाइटरूमच्या एक्स्पोर्टमध्ये आउटपुट शार्पनिंगला कागदाप्रमाणे मॅट किंवा ग्लॉसी निवडा, स्टँडर्ड. फोटोशॉपमध्ये करायचं तर लेयर डुप्लिकेट, अनशार्प मास्क (शार्पनिंगचा फिल्टर), रेडियस म्हणजे पीपीआय भागिले २०० (३०० ला १.५), अमाउंट १०० च्या आसपास, थ्रेशोल्ड २-३, आणि लेयर ल्युमिनॉसिटी (फक्त उजेडावर परिणाम करणाऱ्या) मोडवर, म्हणजे कडेला रंग फुटत नाहीत.

मोठी प्रिंट काढण्याआधी ३०० पीपीआयला आणलेल्या फाइलमधून डोळ्याभोवतीची १२०० × ४०० पिक्सेलची पट्टी कापा. अमाउंट ७०, १००, १४० अशा तीन पट्ट्या एकाखाली एक लावल्या की १२०० × १८०० मध्ये आरामात बसतात, म्हणजे ४ × ६ ची एक कॉपी. त्याच कागदावर काढा आणि हातभर अंतरावरून बघून निवडा.

व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून वर पुन्हा कॉम्प्रेस करतं, म्हणून कडा करकरीत होतात. स्वतःच लांब बाजू २०४८ करा, स्क्रीन-लो निवडा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तापीकाठ:
मोबाइलच्या फोटोंनाही हेच?

सातपुडा_रेंज:
नको. फोन जेपीजी बनवतानाच दणकून शार्प करतो. तिथे अमाउंट ० च ठेवा. चेहरा फार खरबरीत दिसला तर टेक्स्चर (बारीक पोताचा स्लायडर) उणे १० ते १५.