मदत हवी आहे: कोन वाढला की काचेच्या चिपेचा अपवर्तनांक कमी का येतोय?

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. लेक दहावीला आहे, राज्य मंडळ. शाळेत हा प्रयोग सगळ्या वर्गाला मिळून एकदाच दाखवला, मागच्या बाकांवरच्या मुलांना टाचण्यासुद्धा दिसल्या नसतील. म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून चीप, टाचण्या आणि ड्रॉइंग बोर्ड आणला आणि ती घरीच करतेय.

रीत पुस्तकातलीच. चिपेची बाह्यरेषा आखायची, स्तंभिका (कडेला लंब रेषा) काढायची, आपाती किरणावर दोन टाचण्या टोचायच्या आणि पलीकडून बघत त्यांच्या रेषेत आणखी दोन. या दोन टाचण्यांवरून निर्गत (बाहेर पडणारा) किरण आखायचा, आणि दोन्ही किरण बाह्यरेषेला मिळतात ते बिंदू जोडले की काचेतला किरण. आपतन कोन ३०, ४५ आणि ६० अंशांना अपवर्तन कोन १९.५, २८.५ आणि ३६ आले. आपतन कोनाच्या साइनला अपवर्तन कोनाच्या साइनने भागलं की अपवर्तनांक १.५०, १.४८, १.४७.

साध्या काचेचा १.५२ च्या आसपास यायला हवा. कोनमापकावर अर्ध्या अंशाहून बारीक वाचता येत नाही, हे कळतं. पण तेवढंच कारण असतं तर आकडे कसेही वर-खाली झाले असते. इथे पुन्हा केलं तरी उतरतच जातात. या दोन साइनचं गुणोत्तर स्थिर राहतं असं स्नेलचा नियम सांगतो, आणि लेक तिथेच अडून बसली आहे.

चीप अ‍ॅक्रिलिकची असेल अशी शंका आली, कारण अ‍ॅक्रिलिकचा १.४९ असतो. पण ७५ × ५० × १८ मिमीची चीप स्वयंपाकघरातल्या काट्यावर १६८ ग्रॅम भरली. म्हणजे घनता जवळपास २.५, काचेचीच. अ‍ॅक्रिलिकची १.२ च्या आत असते. निर्गत किरणही आपाती किरणाला अगदी समांतर येतोय.

शाळेत विचारलं तर "दीड लिही आणि पुढे चल" असं उत्तर मिळालं. तिला ते पटलेलं नाही आणि तिने आकडा जुळवून लिहावा असं मलाही वाटत नाही. कुणी भौतिकशास्त्र शिकवणारे असतील तर कृपया सांगा, कुठे बघू?

प्रतिसाद

लेकीचं म्हणणं बरोबर आहे, तिला सोडू देऊ नका. वजन करून बघितलंत हे फार छान केलंत.

आधी कागदावरच्या बाह्यरेषेची रुंदी मोजा. चीप ५० मिमी आहे, रेषा ५२ वर असतील असा माझा अंदाज आहे. चीप १८ मिमी उंच असते. पेन्सिल उभी धरली की तिचा तासलेला जाड भाग चिपेच्या वरच्या कडेला टेकतो आणि टोक खाली मिलिमीटरभर बाहेर राहतं. मग काचेतला म्हणून आखलेल्या किरणाचा थोडा भाग खरं तर हवेतला असतो. अपवर्तन कोन मोठा येतो, आणि तिरपा किरण असेल तितकी गडबड वाढते. समांतर किरणावर विसंबू नका, बाह्यरेषा चुकली तरी तो समांतरच येतो.

पडताळा त्याच कागदावर घेता येईल. ६० अंशांचा आपाती किरण सरळ पुढे वाढवा आणि त्याच्यापासून निर्गत किरणापर्यंतचं लंब अंतर मोजा. या दोन्ही रेषा टाचण्यांवरून आलेल्या, बाह्यरेषेचा त्यांच्याशी संबंध नाही. १.५२ असेल तर अंतर २६ मिमी, १.४७ असेल तर २५.

नव्या कागदावर पेन्सिल बाहेरच्या बाजूला कलती धरा, टोक चिपेच्या तळाशी टेकू द्या.

धागाकर्ती

मनापासून आभार! रुंदी ५२ च भरली आणि अंतर २६ ला अगदी किंचित कमी. लेक लगेच नवीन कागद घेऊन बसली. ४५ ला २७.५ आणि ६० ला ३४.५ आले, दोन्हींचं उत्तर १.५३.

३० ला मात्र अपवर्तन कोन १९ आणि १९.५ च्या मध्ये वाटतो. १९ धरला तर १.५४, १९.५ धरला तर १.५०. हे वाचन सरासरीत घ्यावं का?

प्रतिसाद

सरासरीऐवजी आलेख काढू द्या. आडव्या अक्षावर साइन आर (अपवर्तन कोनाची साइन), उभ्या अक्षावर साइन आय (आपतन कोनाची), आणि आरंभबिंदूतून जाणारी रेषा. तिचा चढ म्हणजेच अपवर्तनांक. ३० चा बिंदू दिसला तसा, १९.२५ वर मांडा. जुना कागदही प्रयोगवहीत लावा आणि आकडे का उतरत होते ते शेजारी तिच्याच शब्दांत लिहू द्या.