क्रोशाचे नमुने: जमवलेत खरे, पण सापडतात का? (अनुभव धागा)

उसवलेली

क्रोशा करणाऱ्या बाईकडे (आणि बाप्याकडेही, इथे दोघे-तिघे आहेत) दोऱ्यापेक्षा नमुने जास्त असतात. वहीत उतरवून घेतलेले, मासिकातून कापलेले, शेजारणीकडून आणून झेरॉक्स केलेले, आणि आता फोनमध्ये लग्नाच्या फोटोंत मिसळून गेलेले स्क्रीनशॉट. जमवताना कुणालाच अडचण येत नाही. भाचीचं बारसं आठवड्यावर आलं आणि ते शिंपल्यांच्या काठाचंच टोपडं करायचं ठरलं, की मग कपाट उपसायचं.

म्हणून हा धागा. नमुने कशात ठेवता, कसे शोधता, काय टिकलं, काय गेलं ते लिहा. देखण्या कपाटांचे फोटो नकोत, रोजच्या वापरात जे चालतं ते हवं. विकतच्या पीडीएफ इथे कुणी मागू नका आणि देऊ नका.

माझ्यापासून सुरुवात. माझ्याकडे बॉक्स फायली आहेत आणि त्यांची वाटणी दोऱ्याप्रमाणे आहे, वस्तूप्रमाणे नाही. बारीक सुती दोरा एकीकडे, लोकर दुसरीकडे. कारण माझ्या हातात आधी दोरा येतो. उरलेले दोन गुंडे दिसतात आणि यात काय बसेल हा प्रश्न नंतर पडतो. पूर्वी रुमाल, तोरण, पिशवी अशी वाटणी होती. पण एकच चौकोन तिन्हीकडे चालतो म्हटल्यावर ते कप्पे हवेत कशाला?

तोरणवाली

आमच्या आईकडे कागद जवळजवळ नव्हताच. मांजरपाटाचे तुकडे एकावर एक ठेवून मधोमध शिवलेले, आणि त्या प्रत्येक 'पानावर' विणलेला तुकडा टाचलेला. नमुना दोनदा यावा एवढाच रुंद. बाजूला पाकिटाच्या कागदाची चिठ्ठी: दोरा कितीचा, सुई कोणती, सुरुवातीला साखळ्या (दोऱ्याचे एकात एक ओवलेले फासे) किती आणि रुंदी वाढवायची तर कितीच्या पटीत. ही शेवटची गोष्ट छापील नमुन्यात बऱ्याचदा नसते. रुमाल सोळा इंचाचा दिलेला असतो आणि आपल्याला हवा असतो टीपॉयवरचा. पट ठाऊक असली की नमुना कुठल्याही मापाचा होतो.

हा काही आमच्याच घरचा शोध नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकाही विणलेले तुकडे वह्यांत टाचून ठेवत, संग्रहालयांत अशा वह्या आहेत.

मी आईच्या पद्धतीत एकच भर घातली. सुईचा नंबर न लिहिता मिलिमीटर लिहिते. बारीक दोऱ्याच्या पोलादी सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, लोकरीच्या सुयांच्या अमेरिकी मापात उलट आहे, आणि जुन्या कात्रणात नुसतंच 'सुई नं. ७' असतं. कुणाची ७? दोऱ्याचंही तसंच, ४० नंबरचा दोरा २० नंबरपेक्षा बारीक. नव्या शिकणाऱ्या मुली हमखास इथे अडतात, म्हणून चिठ्ठीवर दोऱ्याचा वीतभर तुकडाच चिकटवून टाकते.

डावखुरी

माझी गोष्ट छोटी आहे. आकृत्या सगळ्या उजव्या हाताच्या लोकांसाठी काढलेल्या. त्यामुळे मी प्रत्येक आकृती फोनमध्ये आडवी उलटवून आरशातली प्रत जतन करते आणि नावापुढे 'डावी' लिहिते. मूळ प्रतही ठेवते, कारण मुलगी उजवी आहे. लेखी नमुन्यांना असली काही भानगड नाही, 'पाच साखळ्या, एक जागा सोडून खांब (म्हणजे उंच टाका)' हे दोन्ही हातांना सारखंच.

कृष्णाकाठ

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतल्या आमच्या घराचा तळमजला पाण्यात होता. नमुन्यांचं कपाट तळमजल्यावरच. पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा चिखलाचा थर बसलेला आणि कपाटाची दारं फुगून जाम झालेली. ती तोडूनच उघडली. त्या दिवशी विणकामाच्या वह्यांकडे कोण बघतंय, आधी धान्य, गाद्या, कागदपत्रं. वह्यांपर्यंत पोचायला वेळ लागला आणि तोवर काही पानांवर काळी बुरशी धरली होती.

पण काय टिकलं आणि काय गेलं हे बघण्यासारखं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

शाईच्या पेनाने लिहिलेल्या सासूबाईंच्या वह्या संपूर्ण गेल्या. निळसर डाग फक्त. बॉलपेनचं लिखाण मात्र बऱ्यापैकी वाचता येत होतं. शिसपेन्सिलीने ग्राफ पेपरवर काढलेले मोर, हत्ती, कमळं जशीच्या तशी, कागद तेवढा तपकिरी झाला. झेरॉक्स प्रती टिकल्या, कारण ती पूड कागदावर वितळवून बसवलेली असते, पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवरून काढलेल्या रंगीत पानांचं मात्र पाणी-पाणी झालं. मासिकांची गुळगुळीत पानं सगळ्यांत वाईट. ती ओली असताना सुटी केली तरच वाचतात. वाळली की एकमेकांना अशी चिकटतात की मग वीटच. आमच्याकडे बुनाई विशेषांकांचा एक गठ्ठा असाच झाला, तो फेकावा लागला.

वाचवायची रीत अशी निघाली: पानं उन्हात नाही घालायची, सावलीत पंख्याखाली. मध्ये कोरे कागद किंवा जुनी वर्तमानपत्रं, आणि ती भिजली की बदलायची. सगळं एका दिवसात होणार नसेल तर ओली वही पिशवीत घालून थेट फ्रीजरमध्ये ठेवायची, बुरशी तिथेच थांबते. ग्रंथालयांतही भिजलेल्या पुस्तकांचं हेच करतात. मला हे उशिरा कळलं, पण तुम्ही लक्षात ठेवा. बुरशी आलेली पानं हाताळताना तोंडाला रुमाल बांधा.

आणि तोरणवालीताई, तुमच्या आईची पद्धत वाचून राहवलं नाही म्हणूनच लिहायला बसले. आमच्या कपाटात विणलेल्या नमुना-तुकड्यांची एक उशीची खोळ होती. तिला काय झालं? काही नाही. साबणाच्या पाण्यात भिजवली, चिखल गेला, इस्त्री केली. सुती दोऱ्याचा नमुना पुरातून धुऊन निघतो. आता मी कागदाची फारशी फिकीर करत नाही. जो नमुना परत लागेल असं वाटतं त्याचा तुकडा विणते आणि माळ्यावर ठेवते. तळमजल्यावर काहीच नाही.

फुकटचासल्ला

मी नमुने ठेवतच नाही. वस्तू झाली की कागद रद्दीत. तीच वस्तू दुसऱ्यांदा करायला घेतली असं माझ्या बाबतीत झालेलं नाही. तुमचं किती वेळा होतं, खरं सांगा?

उसवलेली

@फुकटचासल्ला, तुमचं म्हणणं रुमालाला लागू आहे, बाळंतविड्याला नाही. कुंची, टोपडं, मोजे हे दर दोन वर्षांनी कुणा ना कुणासाठी लागतंच. आणि संच अर्धा करून ठेवला असेल तर? बारापैकी सात ताटावरचे रुमाल झालेत आणि कागद रद्दीत!

नातू

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेतले नमुने माझ्याकडे आले, कारण घरात स्कॅनर माझ्याकडे होता. विणकामातलं मला तेव्हा शून्य कळत होतं. पहिल्यांदा मी शहाणपणा करून 'गोल', 'चौकोनी', 'लेस', 'कपडे' असे फोल्डर केले. आईने एक नमुना मागितला: "ते विजूमावशीच्या रुखवतातलं दे." माझ्याकडे असला फोल्डर कुठला?

मग लक्षात आलं की कागदांच्या मागे आजीने पेन्सिलीने सगळं लिहून ठेवलं होतं. कुणासाठी केलं, कुणाकडून उतरवलं, काय बदललं. 'बँकेतल्या बाईंकडून.' 'शेवटची ओळ करू नये, काठ गोळा होतो.' 'दादाच्या मुंजीचा.' छापील सूचनांपेक्षा या ओळी घरातल्यांच्या जास्त कामाच्या. त्यामुळे आता प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन होतात आणि फाइलचं नाव आजीच्या भाषेत असतं: 'मुंज-रुमाल-दोरा२०-काठ-गोळा-होतो'. शोधायला 'मुंज' टाकलं तरी येतं आणि 'दोरा२०' टाकलं तरी. फोल्डर एकच आहे. गुगल ड्राइव्हच्या फुकटच्या १५ जीबीत सगळं बसलं, एक प्रत पेनड्राइव्हवर आईकडे.

स्कॅन करताना एक सांगतो. पिवळट पडलेली सेलोटेप ओढून काढू नका, अक्षरं घेऊन येते. तशीच स्कॅन करा. आणि पेन्सिलीचं लिखाण काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये उडून जातं, ग्रेस्केल किंवा रंगीत ठेवा.

(ता. क.: आता साखळी आणि मुका खांब येतो. पुढचं शिकतोय.)

आंबोलीचा_पाऊस

सावंतवाडीकडची आहे, आमच्याकडे पूर नाही पण चार महिने ओल. इथले शत्रू म्हणजे गंजलेल्या स्टेपल पिना आणि कसर. पिना काढून पानं सुती दोऱ्याने शिवते. मासिकातली पानं आणि झेरॉक्स प्रती आधी पारदर्शक पिशव्यांच्या फोल्डरमध्ये घातल्या होत्या, तर झेरॉक्सची अक्षरं पिशवीच्या आतल्या बाजूला उमटली आणि कागद कोरा पडायला लागला. जाड, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या असतात ना, त्यांनी हे होतं. पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, त्यांना तसा वास नसतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात वेखंडाची पुरचुंडी, आणि गणपतीनंतर ऊन पडलं की सगळं बाहेर काढून हवा देणं. एवढंच.

मॅपल

टोरोंटोहून. इथे माझे बहुतेक नमुने रॅव्हलरीवर आहेत (२००७ पासूनची विणकामाची साइट). विकत घेतलेली पीडीएफ तिथल्या लायब्ररीत आपोआप जमा होते. दोऱ्याची जाडी, सुई, वस्तू यांवरून शोधता येतं, आणि तोच नमुना इतरांनी केला तेव्हा कुठे अडले तेही वाचायला मिळतं. तरी प्रत्येक पीडीएफ उतरवून माझ्या हार्ड डिस्कवर ठेवतेच. फुकट ब्लॉगवरचे नमुने तर ताबडतोब. ब्लॉग बंद पडतात, यूट्यूबच्या याद्यांत 'व्हिडिओ उपलब्ध नाही' अशा राखाडी पट्ट्या उरतात. जुने पिंटरेस्ट बोर्ड उघडून बघा, निम्म्या चित्रांच्या मागे काहीच नसतं.

उतरवल्यावर पहिलं काम म्हणजे वरच्या कोपऱ्यात 'अमे.' किंवा 'ब्रि.' लिहिणं. अमेरिकी नमुन्यातला सिंगल क्रोशे ब्रिटिश नमुन्यात डबल असतो आणि अमेरिकी डबल ब्रिटिश ट्रेबल. चुकीचं धरलं तर शाल भलत्याच उंचीची होते. जपानी पुस्तकांच्या आकृत्या मला म्हणूनच आवडतात. तिथल्या खुणा जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे ठरलेल्या, भाषा यायची गरजच नाही. त्या आकृत्या मी शब्दांत उतरवून ठेवत नाही, शब्दांतले नमुने मात्र आकृतीत उतरवते.

वर्गवाली

मी क्रोशाचे वर्ग घेते, त्यामुळे माझ्याकडे नमुने घरच्यापुरते नसतात, वाटायचे असतात. दोन गोष्टी.

जाळीकामाचे, म्हणजे चौकटी भरून मोर किंवा 'सुस्वागतम' येतं ते, नमुने लेखी ठेवूच नका. ग्राफ पुरे. रिकामी चौकट म्हणजे एक खांब, दोन साखळ्या. भरलेली म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. रुंदीच्या चौकटी गुणिले तीन अधिक एक, एवढे टाके लागतात, वळायच्या साखळ्या वेगळ्या. हे गणित एकदा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं की आत नुसते ग्राफ. भरतकामाच्या फुल्यांच्या टाक्याचे जुने ग्राफही यात चालतात, फक्त विणताना चौकट अगदी चौरस येत नाही, चित्र थोडं उंच किंवा बसकं होतं.

दुसरं कडू आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ मी साठवत नाही आणि वर्गात देत नाही. कुणीतरी त्या लिहिलेल्या असतात, मापं काढलेली असतात, विकायला ठेवलेल्या असतात. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. फुकट हवेत तर एकोणिसाव्या शतकातले नमुने अँटीक पॅटर्न लायब्ररी या साइटवर रीतसर स्कॅन केलेले आहेत, जन्मभर पुरतील. माझ्या संग्रहात प्रत्येक कागदावर 'कुठून आला' ही ओळ आहे. ज्यावर ती ओळ लिहिता येत नाही, तो माझ्यापुरता.

फुकटचासल्ला

बरं बाई, बाळंतविड्याचे ठेवते. पण मग एक विचारते. आमच्या दारावर जाऊबाईंनी केलेलं तोरण आहे, नमुना कुणाकडेच नाही, आणि त्या आता विणत नाहीत. बघून उतरवता येईल का?

तोरणवाली

येईल. तोरण काढून हलक्या हाताने धुवा, ओलं असतानाच गडद सतरंजीवर ताणून टाचण्या लावा, वाळू द्या. मग वरून सरळ फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. एकाच त्रिकोणाचा जवळून वेगळा फोटो, आणि उलट्या बाजूचाही. खांबांची डोकी कुठल्या बाजूला आहेत त्यावरून ओळ कुठून कुठे गेली ते कळतं.

नंतर दोरा कुठे तोडून आत घेतलाय ते टोक शोधा. विणकाम उसवतं ते शेवटाकडूनच, सुरुवातीकडून नाही. जाऊबाईंना विचारून कडेचा एखादा फाटका गोंडा असेल तर तेवढा उसवून बघा, एकेक टाका मोजत. आणि जाऊबाईंच्या हातात सुई देऊन एकदा बघाच. विसरलेय म्हणणाऱ्या बायकांचे हात दोन ओळींत सुरू होतात, तेवढ्यात मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या.

फुकटचासल्ला

त्यांच्याकडे उद्याच जाते. सुई कितीची नेऊ?

तोरणवाली

तोरणाचा दोरा कितीचा आहे? एक धागा काढून नखावर ठेवा आणि दुकानात २० नंबरशी ताडून बघा. तसाच निघाला तर १.२५ मिमी, त्याहून जाड वाटला तर दीड. दोन्ही न्या.