मदत हवी आहे: झाड सिटीचं, मग फूटपाथचा खर्च आमचा का?

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या, त्यातही बे एरियातल्या घरमालकांचा सल्ला हवा आहे.

आमच्या घरासमोर, फूटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीत लिक्विडंबरचं मोठं झाड आहे, आम्ही घर घेतलं त्याच्या कितीतरी आधीचं. त्याच्या मुळांनी फूटपाथचे दोन स्लॅब उचललेत. आता सिटीची नोटीस आलीय की दुरुस्ती तुम्ही करा. मूळ कापायचं तर परमिट मात्र त्यांचंच घ्यायचं!

राज्याच्या स्ट्रीट्स अँड हायवेज कोडचं कलम 5610 वाचलं. फूटपाथ सार्वजनिक असला तरी तो सुरक्षित ठेवण्याचं काम लगतच्या मालकाचं, असं त्यात आहे. म्हणजे नोटिशीवर वाद घालण्यात फारसा अर्थ दिसत नाही. खर्चापेक्षा मला काळजी आहे ती कोणी अडखळून पडलं तर काय याची. नुसत्या 5610 मुळे पडणाऱ्याची भरपाई मालकावर येत नाही, पण शहराचा तसा वेगळा नियम असेल तर येते. सॅन होजेचा असा नियम 2004 मध्ये अपील कोर्टानेही उचलून धरला. आमच्या शहराचा नियम शोधतेय.

कोणाचं नुसत्या ग्राइंडिंगवर (स्लॅबची उचललेली कड घासून सपाट करण्यावर) भागलं का, की स्लॅब नवाच टाकावा लागला? होमओनर्स इन्शुरन्सवाल्यांना आधीच कळवलं होतं का? आणि मुळं छाटण्याआधी बघायला चांगला आर्बोरिस्ट (झाडांचा तज्ज्ञ) असेल तर प्लीज मेसेज करा. झाड घालवायचं नाहीये, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फार सुंदर लाल होतं.