चर्चा: क्वार्टरबॅकने कॉलेज निवडताना मोठे नाव पाहावे की खेळण्याची संधी?

सह्यकडा (प्रस्ताव)

दर डिसेंबरमध्ये अमेरिकेतील हायस्कूलचे नामांकित अमेरिकन फुटबॉल खेळाडू आपण कोणत्या कॉलेजकडून खेळणार हे सही करून जाहीर करतात आणि त्यांत सर्वाधिक चर्चा क्वार्टरबॅकची, म्हणजे संघाचा डाव चालवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, होते. ज्या मुलाला पुढे एनएफएल ही व्यावसायिक लीग गाठायची आहे त्याने कॉलेजचा लौकिक दुय्यम मानावा, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या वर्षापर्यंत आपल्याला सामने खेळायला मिळतील का आणि आपल्याला बोलावणारा प्रशिक्षक तोवर तिथे टिकेल का, हे दोन प्रश्न त्याने आधी विचारावेत.

याचे कारण या जागेच्या स्वरूपातच आहे. पास झेलणारे रिसीव्हर किंवा बचावफळीतले खेळाडू आलटून-पालटून मैदानात उतरतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूलाही दर सामन्यात काही ना काही करून दाखवता येते. क्वार्टरबॅक मात्र एकच खेळतो; दुसऱ्या क्रमांकाचा कितीही गुणी असला तरी तो रेषेबाहेर उभा राहतो. सरावात ती उणीव भरून निघत नाही, कारण सरावात क्वार्टरबॅकला पाडायचे नाही असाच दंडक असतो. धिप्पाड बचावपटू अंगावर धावून येत असताना अडीच-तीन सेकंदांत चेंडू कुणाकडे टाकायचा हे ठरवण्याची सवय सामन्यातच लागते. हायस्कूल सुटल्यावर तीन वर्षे उलटल्याखेरीज एनएफएल कुणाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, घेत नाही. ती तीन वर्षे बाकावर बसून काढली, तर निवड करणाऱ्यांपुढे ठेवायला खेळाडूजवळ उरते काय?

क्वार्टरबॅक जो बरोचेच पाहा. तो ओहायोचाच मुलगा. घरच्या राज्यातले सर्वांत मोठे नाव म्हणून ओहायो स्टेटला गेला. तिथल्या तीन वर्षांत त्याने सामन्यांत एकूण ३९ पास टाकले. २०१७ च्या हंगामाआधी त्याचा हात मोडला, तेवढ्यात संघातला दुसरा क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्स पुढे निघून गेला आणि २०१८ मध्ये बरोने कॉलेज बदलून लुइझियाना स्टेटचा रस्ता धरला. तिथले त्याचे पहिले वर्ष साधारणच होते: १६ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास. दुसऱ्या वर्षी ६० टचडाउन, १५ पैकी १५ विजय, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचे हाइसमन पारितोषिक आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक. या झेपेआधी त्याला एक पूर्ण हंगाम चुका करत खेळायला मिळाला होता, आणि ओहायो स्टेटने त्याला नेमके तेच दिले नव्हते.

उत्तरवारा

सह्यकडा, तुमच्या उदाहरणातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. बरो ओहायो स्टेट सोडून एखाद्या आडवळणाच्या कॉलेजात गेला नाही. देशातल्या सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटातल्या मातब्बर संघात गेला. त्याचे पास झेलायला जस्टिन जेफरसन आणि जमार चेस होते आणि ते दोघेही आज एनएफएलमधले आघाडीचे रिसीव्हर आहेत. असे सवंगडी मोठे नाव असलेल्या कॉलेजातच एकत्र येतात. शिवाय ओहायो स्टेटची तीन वर्षे वाया गेली हेही मला मान्य नाही. पुढे पहिल्या फेरीत निवडले गेलेले मार्शन लॅटिमोर आणि डेन्झेल वॉर्ड यांच्यासारखे बचावपटू त्या वर्षांत त्याच्याच संघात होते. असा दर्जा रोजच्या सरावात समोर असणे हेही शिक्षणच आहे.

२०२४ चा ड्राफ्ट आठवा. पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले: केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ड्रेक मे, मायकल पेनिक्स, जे. जे. मॅकार्थी आणि बो निक्स. त्यांची कॉलेजे अनुक्रमे सदर्न कॅलिफोर्निया, लुइझियाना स्टेट, नॉर्थ कॅरोलायना, वॉशिंग्टन, मिशिगन आणि ओरेगन. यांत एकही लहान कॉलेज नाही. संघमालक कोट्यवधी डॉलर पणाला लावतात तेव्हा त्यांना बलाढ्य बचावासमोर तावून-सुलाखून निघालेला खेळाडू हवा असतो.

आणि बाकावर बसल्याने सारे संपते असेही नाही. मॅट कॅसल सदर्न कॅलिफोर्नियात कार्सन पामर आणि मॅट लायनार्ट या दोन हाइसमन विजेत्यांच्या मागे राहिला, क्वार्टरबॅक म्हणून एकाही सामन्याची सुरुवात त्याने केली नाही. तरीही एनएफएलमधल्या न्यू इंग्लंड संघाने त्याला सातव्या फेरीत घेतले आणि २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा गुडघा दुखावल्यावर कॅसलच्या हाती सूत्रे असलेल्या त्या संघाने ११ सामने जिंकले.

सह्यकडा

त्या सहा जणांच्या यादीत एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. मे आणि मॅकार्थी वगळता उरलेले चौघे त्या कॉलेजांत नव्याने आलेले होते. विल्यम्सची सुरुवात ओक्लाहोमात, डॅनियल्सची अॅरिझोना स्टेटमध्ये, पेनिक्सची इंडियानात आणि निक्सची ऑबर्नमध्ये झाली. निक्सने तर कॉलेजच्या ६१ सामन्यांची सुरुवात केली, हा विक्रम आहे. म्हणजे चौघेही आधी दुसरीकडे खेळत होते आणि खेळून दाखवल्यावरच मोठ्या दरवाजातून आत आले. कॅसलचे नाव आपण अजून घेतो, कारण त्याच्यासारखा दुसरा चटकन आठवत नाही.

उलट बाजूला मिच ट्रुबिस्की आहे. नॉर्थ कॅरोलायनात तो दोन हंगाम राखीव राहिला, शेवटच्या वर्षी १३ सामन्यांची सुरुवात केली आणि तेवढ्या पुंजीवर शिकागोने २०१७ मध्ये त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचलले. पुढे सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पॅट्रिक महोम्स त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. चार हंगामांनंतर शिकागोने ट्रुबिस्कीचा नाद सोडला.

गोदातीर

दोघांच्याही लिखाणात एक गोष्ट सुटली आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मुलगा कोणत्या कॉलेजात गेला यापेक्षा तिथे त्याला खेळाची कोणती पद्धत शिकवली गेली हे पाहिले पाहिजे.

एनएफएलमध्ये प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून क्वार्टरबॅकला डाव सांगतो आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर दहा-पंधरा शब्दांचा तो सांकेतिक डाव हडलमध्ये, म्हणजे डावाआधी जमणाऱ्या खेळाडूंच्या घोळक्यात, न अडखळता सांगणे, समोरच्या बचावाची मांडणी पाहून आपल्या फळीला कुणाला अडवायचे ते ठरवून देणे आणि गरज पडली तर डावच बदलणे हे सारे क्वार्टरबॅकने करायचे असते. अनेक कॉलेजांत मात्र हडल नसतोच. सारे अकरा जण रेषेबाहेर धरलेली चित्रांची पाटी किंवा हातवारे पाहतात आणि मांडणीतला बदलही तिकडूनच येतो. कॉलेजमध्ये हेल्मेटातला रेडिओ तर २०२४ च्या हंगामापासून आला. अशा व्यवस्थेत चार वर्षे सामने खेळूनही मुलगा निर्णय घ्यायला शिकेलच असे नाही. सह्यकडा सामन्यांची संख्या मोजतात. त्या सामन्यांत विचार कोण करत होते हे मला पाहावेसे वाटते.

टेक्सस टेकचा बी. जे. सिमन्स २००३ मध्ये एका हंगामात ५,८३३ यार्डांचे पास फेकून विक्रमवीर झाला. ड्राफ्टमध्ये त्याला सातव्या फेरीपर्यंत थांबावे लागले आणि एनएफएलमध्ये त्याची कारकीर्द उभी राहिली नाही. पासचा पाऊस पाडणाऱ्या त्या पद्धतीत आकडे फुगतात हे निवड करणाऱ्यांना ठाऊक होते. याउलट बरोच्या ६० टचडाउनच्या हंगामाआधी लुइझियाना स्टेटने एनएफएलमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी या तरुण प्रशिक्षकाला आणले आणि त्याच्यासोबत व्यावसायिक पद्धतीची पासयोजना तिथे आली. बरोला पहिल्या क्रमांकापर्यंत नेण्यात कॉलेजच्या नावापेक्षा आणि सामन्यांच्या संख्येपेक्षाही त्या बदलाचा वाटा मोठा आहे.

रानवाट

मला ही सारी चर्चाच चुकीच्या टोकाला धरलेली वाटते. गोदातीर यांनी दिलेल्या सिमन्सच्याच कॉलेजातून, त्याच कुळातल्या पद्धतीतून महोम्स आला. २०१६ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ७३४ यार्ड फेकले आणि तरीही टेक्सस टेक ५९-६६ असा हरला. त्या हंगामात संघाने सामने गमावले जास्त, जिंकले कमी. कॅन्सस सिटीने त्याला घेतले आणि तिथले प्रशिक्षक अँडी रीड यांनी पूर्ण हंगाम अॅलेक्स स्मिथमागे बसवून फक्त शेवटचा सामना दिला. पुढच्या वर्षी ५० टचडाउन पास आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब.

जॉश अॅलनला हायस्कूलनंतर पहिल्या श्रेणीतल्या एकाही कॉलेजने शिष्यवृत्ती दिली नाही. रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजातून तो वायोमिंगला गेला. एनएफएलच्या बफलो संघात पहिल्या वर्षी त्याचे जेमतेम निम्मे पास लागू पडले, तिसऱ्या वर्षी ते प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. ही सुधारणा वायोमिंगने केली नाही, बफलोच्या प्रशिक्षकांनी केली. सॅम डार्नल्ड सदर्न कॅलिफोर्नियाचे मोठे नाव घेऊन तिसऱ्या क्रमांकावर जेट्सकडे गेला आणि तिथे होरपळला. २०२४ मध्ये मिनेसोटात त्याच खेळाडूने १४ विजय मिळवून दिले. कॉलेज तेच होते, बदलला तो संघ.

सह्यकडा

रानवाट, तुमची उदाहरणे बिनतोड आहेत, पण ड्राफ्टमध्ये कोणता संघ आपल्याला घेईल हे खेळाडूच्या हाती नसते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे आई-वडील स्वतः ठरवू शकतात ती एकच गोष्ट म्हणजे कॉलेज. आणि अॅलन माझ्याच बाजूचा आहे: वायोमिंगने त्याला खेळवले, म्हणून बफलोला त्याचा हात दिसला.

उत्तरवारा

मग क्विन ईवर्सचे काय? तो ओहायो स्टेटच्या बाकावर थांबला नाही. तुमच्या सल्ल्याप्रमाणे टेक्ससला गेला, तीन हंगाम मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळला, संघाला दोनदा राष्ट्रीय उपांत्य फेरीत नेले. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तो सातव्या फेरीत, २३१ व्या क्रमांकावर गेला. भरपूर खेळल्याने उणिवाही भरपूर दिसतात, हे तुमच्या हिशोबात येत नाही.

पैशाचाही विचार करा. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि २०२५ पासून कॉलेजे त्यांना थेट मोबदला देऊ लागली आहेत. एका टकरीत खांदा कायमचा जायबंदी होऊ शकणाऱ्या या खेळात, राखीव असतानाही घरच्यांच्या हाती चार पैसे देणारे मोठे कॉलेज निवडणाऱ्या मुलाला मी अविचारी म्हणणार नाही.

गोदातीर

पैशाबद्दल सहमत आहे. मात्र ईवर्स खाली का घसरला याचे उत्तर सामन्यांच्या संख्येत नाही तसे कॉलेजच्या नावातही नाही, कारण टेक्ससपेक्षा मोठे नाव शोधून सापडणार नाही.

कॉलेजच्या भेटीत कुटुंबाने काय विचारावे याचा नमुना लमार जॅक्सनच्या आईने घालून दिला आहे. त्याचा वेग पाहून काही कॉलेजांना तो दुसऱ्याच जागेवर खेळायला हवा होता. आईने अट घातली की मुलगा क्वार्टरबॅकच राहील, आणि लुईव्हिल कॉलेजचे प्रशिक्षक बॉबी पेट्रिनो यांनी तसा शब्द दिला. पेट्रिनो एनएफएलमध्ये प्रशिक्षक राहिलेले, त्यामुळे त्यांच्याकडे वाचायला आणि ठरवायला लावणारी पद्धत होती. तीन हंगाम आणि एक हाइसमन झाल्यावरही २०१८ मध्ये त्याला रिसीव्हर करा म्हणणारे जाणकार होतेच, आणि तो पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर गेला. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या हंगामात, तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला रिसीव्हर करू पाहणारे एखादे अधिक नावाजलेले कॉलेज त्या घराने निवडले असते, तर त्याला घेणाऱ्या बॉल्टिमोर संघापुढे क्वार्टरबॅक म्हणून त्याचे नाव आलेच नसते.