ध्वनिफीत ऐकताना वेळेच्या नोंदी: तुमची पद्धत काय?

गोव्यात बऱ्याच घरांत जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवलेल्या आहेत. भजनी सप्ताह, धालो म्हणजे बायकांची नाचत म्हणायची गाणी, थोरांच्या आठवणी. फाइल असते, पण हवी ती ओळ नेमकी कुठे हे सांगणारे कोणी नसते. मी एका बाजूला व्हीएलसी हा प्लेअर आणि दुसऱ्या बाजूला एक्सेल उघडतो. आधी फाइलचे नाव, मग ००:१७:०५ अशी वेळ, मग कोण बोलले आणि कशावर. तुम्ही कसे करता? सॉफ्टवेअर कोणते यापेक्षा काय लिहिता आणि काय सोडून देता, ते वाचायला आवडेल.

डिचोलीहून
माझे काम धालोंचे. मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या अंगणात, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर असतात. एक रांग ओळ म्हणते, ती संपायच्या आत दुसरी उचलते. त्यामुळे एकच वेळ लिहून भागत नाही, सुरुवात आणि शेवट दोन्ही लागतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढा तुकडा निवडून कंट्रोल-बी दाबले की खाली लेबल बसते. प्रत्येक रांगेला मी वेगळी लेबलपट्टी देते. शेवटी सगळी लेबले साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येतात. तिथे वेळ नुसत्या सेकंदांत येते, म्हणजे ७५४.३ दिसले तर १२ मिनिटे ३४ सेकंद समजायचे. एक्सेलमध्ये ८६४०० ने भागून त्या खान्याला वेळेचे रूप दिले की झाले.

शब्द लागला नाही तर अंदाजाने काही लिहीत नाही, लेबलात प्रश्नचिन्ह टाकते. काकींना लॅपटॉपसमोर बसवले की निम्मी प्रश्नचिन्हे जातात. एका जागी मी चारदा ऐकवले, तर म्हणाल्या, "अगो, तिथे शब्दच नाही. ती विसरली, म्हणून नुसती हूं हूं करते." तीही नोंद ठेवली आहे.

फोंड्याहून
मी गाणे शिकते. बाईंच्या परवानगीने तालीम रेकॉर्ड करते आणि घरी वेळ, आवर्तन, कुठल्या मात्रेवरून तान उठली एवढेच टिपते. व्हीएलसीत डाव्या चौकटी कंसाची कळ दाबली की गती कमी होते, सूर मात्र उतरत नाही. कंट्रोल-टी दाबून वेळ लिहिली की थेट तिथे जाता येते.

मडगावहून
मुलाखतींसाठी ओट्रान्स्क्राइब. ब्राउझरमध्ये चालते, फुकट आहे, आणि ध्वनिफीत आपल्याच संगणकावर राहते. एस्केपने थांबवायचे, कंट्रोल-जेने वेळ टाकायची. त्या वेळेवर क्लिक केले की तिथूनच वाजते. मजकूर ब्राउझरमध्येच साठतो, म्हणून उठताना वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवावा.

माझा खरा घोळ वेगळाच. आजोबांना गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाबद्दल विचारावे, तर ते डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीवर जातात आणि तिथून पोर्तुगीज शाळेतल्या मास्तरांवर. म्हणून फितीतली वेळ एका रकान्यात, ते बोलतात तो काळ दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्याने क्रम लावला की त्यांचे आयुष्य सरळ वाचता येते.

पेडण्याहून
वही आणि पेन. पहिल्या फेरीत फीत थांबवायचीच नाही, वेळ आणि एक शब्द, बस्स. दर वाक्याला पॉज दाबणाऱ्याला दशावतारातले संवाद कळतात, प्रवेश कळत नाही.

म्हापशाहून
मला ४१:१० ला ऐकू येते ते मित्राला ४१:१० ला सापडेना. फाइल व्हीबीआर एमपीथ्री होती. तीत बिटरेट सतत बदलतो, आणि फाइलमध्ये नीट अनुक्रमणी नसेल तर प्लेअर अंदाजाने उडी मारतो. प्रत्येकाचा अंदाज निराळा. आता आधी वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल, करून घेतो आणि दोघेही तीच फाइल वापरतो. सुरुवातीची खरखर कोणी कापायची नाही, नाहीतर खालच्या सगळ्या नोंदी तेवढ्याने सरकतात. कॅसेटच्या दोन बाजूंच्या दोन फाइली.

डिचोलीहून
वेव्ह जागा किती खाते हो? माझ्या डिस्कवर आधीच गर्दी आहे.

म्हापशाहून
सीडीच्या दर्जाची स्टिरिओ असेल तर मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाला सहाशेच्या वर. धालो एका माइकवर घेतलेले असतील तर मोनो ठेवा, निम्म्यात भागेल.