‘आपली पेन्शन कापणार म्हणे!’ – तुमच्या घरातले अनुभव लिहा

सातारकरीण (धागाकर्ती):

नोव्हेंबर २०२५ चा दुसरा आठवडा. बाबा सकाळी फिरून आले आणि चप्पल न काढताच ओट्याशी येऊन उभे राहिले. "महागाई भत्ता बंद केला म्हणे आपला. आयोगही मिळणार नाही." कट्ट्यावरच्या एकाने मोबाइलवर दाखवलं होतं: वित्त कायदा २०२५ नुसार निवृत्तांना यापुढे भत्तावाढ नाही, वेतन आयोग नाही.

बाबा पोस्टातून निवृत्त होऊन १९ वर्षं झाली. त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पेपरवाल्याला दोनातला एक पेपर बंद करायला सांगितलं आणि मला म्हणाले, "कानाच्या यंत्राचं पुढे बघू."

मी शोधाशोध केली. केंद्र सरकारनेच तो मजकूर खोटा असल्याचं जाहीर केलेलं होतं. बदल झालाय तो २०२१ च्या पेन्शन नियमांतल्या ३७ व्या नियमात. सरकारी खात्यातून सार्वजनिक उपक्रमात गेलेल्या आणि तिथे गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्या माणसांपुरता. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे खोटं असेल. पण २०२० चं खरं होतं ना?"

होतं. जानेवारी २०२० ते जून २०२१, महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले होते. १७ टक्क्यांवर अडकलेला भत्ता जुलै २०२१ पासून एकदम २८ झाला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी आजतागायत मिळाली नाही. दुधाने तोंड पोळलंय त्यांचं. त्यात आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत ‘बिगर-अंशदायी निवृत्तिवेतनाचा निधीविना खर्च’ (म्हणजे ज्या पेन्शनसाठी पगारातून कपात होत नाही आणि वेगळा निधीही नसतो, तिचा खर्च) विचारात घ्यावा असं एक वाक्य आहे. त्या वाक्याचा कीस पाडायला कट्ट्याला हल्ली सकाळ पुरत नाही.

तुमच्या घरी काय चाललंय? आकडे-तारखांसकट लिहा. राजकारण नको. (ऐकणार कोण म्हणा.)

एक_नोव्हेंबर:

माझ्या आयडीतच माझी कहाणी आहे.

मी आणि माझा मित्र, दोघे महसूल खात्यात लिपिक. जाहिरात एक, लेखी परीक्षा एक, निवड यादी एक. यादीत मी त्याच्या वर होतो. त्याची चारित्र्य पडताळणी आधी आली, तो ऑक्टोबर २००५ मध्ये हजर झाला. माझा कागद अडकला. १ नोव्हेंबर २००५ ला लक्ष्मीपूजन होतं, नीट आठवतं. घरात पेढे आले होते, कारण दिवाळी झाली की मी रुजू होणार होतो. त्याच तारखेपासून राज्याने नव्या माणसांची जुनी पेन्शन (शेवटच्या पगाराच्या निम्मी, पगारातून कपात न करता) बंद केली हे मला पुढे वर्षभराने कळलं, पगारातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचे १० टक्के कापायला लागले तेव्हा. ऑफिसात आम्हाला नावंच पडली, दिवाळीआधीचे आणि दिवाळीनंतरचे.

पहिली कित्येक वर्षं कापलेल्या पैशांचा हिशेब हातात आला नाही. विचारलं की "वर गेलंय". मार्च २०२३ च्या संपात (१४ ते २०) मीही रस्त्यावर होतो, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ओरडून घसा बसला होता. ४ जानेवारी २०२४ ला मंत्रिमंडळाने ठरवलं की ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय द्यायचा. फेब्रुवारीत शासन निर्णय आला, मुदत सहा महिने. आता जाहिरातीची प्रत हवी. कार्यालयात नाही! वाचनालयात तीन दिवस बसून २००५ चे पेपरांचे गठ्ठे चाळले, धुळीने शिंका देत. तिसऱ्या दिवशी पान सातवर सापडली. तळहाताएवढी.

माझं झालं. शेजारच्या टेबलावरच्या पोराची जाहिरात डिसेंबरातली. त्याच्यासमोर पेढे वाटायचं धाडस झालं नाही.

लाल_डबा:

तुम्ही लोकं कपातीले भेता. आमच्यात कापाले काही उरलंच नाही.

३१ वर्षं एसटी चालवली, निम्मी रातराणीवर. गाडीवर सरकारचं नाव, पण पेन्शन सरकारी नाही, ईपीएस-९५ ची, म्हंजे पीएफवाल्यायच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची. महिन्याले २,८४० रुपये. रिटायर झालो तवा तेवढे, आजबी तेवढेच, त्याले महागाई भत्ता लागतच नाही. २०१४ मंधी कमीत कमी १,००० चा नेम केला, तो आकडा अजून तिथंच उभा हाय, स्टँडवरच्या बंद गाडीवानी. आम्ही साडेसात हजार अन् भत्ता मागतो. बुलडाण्याच्या साखळी उपोषणात मीबी बसलो. नातू विचारे, "आबा, उपाशी बसल्यावर पैसे भेटते का?" बीपीच्या गोळ्याच ९०० च्या होतात. बाकीच्याचं तुम्हीच गणित करा.

चाकणचा_पाहुणा:

राग येईल, पण लिहितो. मी खासगी कंपनीत. माझाही पगार मोठा असला तरी ईपीएस मोजताना १५,००० च धरतात. ३५ वर्षं नोकरी केली तरी १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे ७,५००. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर भत्ता, ही चैन आमच्या करातून कशाला? संपाच्या आठवड्यात माझ्या आईचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात पुढे ढकललं गेलं. एकच मिशन वगैरे ठीक, पण ती पोट धरून बसली होती.

पांढरी_साडी:

@चाकणचा_पाहुणा, तुमच्या आईंना त्रास झाला, खरंच वाईट वाटलं. मी परिचारिका आहे आणि त्या संपात होते. का होते ते सांगते.

माझ्या वॉर्डातली एकजण २०१० ची भरती. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेली. दोन मुली, नवऱ्याचं छोटं दुकान, तेही तेव्हा बंद. ती जुन्या पेन्शनमधली असती तर दुसऱ्या महिन्यापासून कुटुंब निवृत्तिवेतन लागलं असतं. तिच्या नवऱ्याला आम्ही विचारायला घेऊन गेलो तेव्हा काचेपलीकडच्या माणसाने वर न बघता सांगितलं, "नव्या योजनेत तसं काही नसतं." तो म्हणाला, "म्हणजे तिने नोकरी जुनी केली नाही हा तिचा गुन्हा?" आम्ही चौघी खाली मान घालून उभ्या.

संप मिटला आणि ३१ मार्च २०२३ ला शासन निर्णय निघाला. सेवेत असताना मृत्यू आला तर नव्या योजनेतल्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी). तिच्या घरच्यांचा अर्ज आम्हीच भरला. कागद १४ वेळा परत आला, मी मोजलंय. आता मिळतंय. मोठी मुलगी यंदा बारावीला आहे.

चैन म्हणालात म्हणून एवढं लिहिलं.

चाकणचा_पाहुणा:

हे माहीत नव्हतं. चैन हा शब्द मागे घेतो. बाकी मुद्दा कायम.

कोषागारी:

खिडकीच्या आतल्या बाजूला ३० वर्षं काढली, तेव्हा एक वेगळं सांगतो. "माझी पेन्शन कापली" म्हणून येणाऱ्या दहांतल्या निम्म्यांची कपात त्यांच्याच सहीने झालेली असते. अंशराशीकरण. समजा निवृत्तिवेतन ३०,००० बसलं. त्यातलं ४० टक्के, म्हणजे १२,००० तुम्ही सरकारला ‘विकता’. ५८ व्या वर्षी निवृत्त झालात तर गुणक ८.३७१, म्हणजे १२,००० गुणिले १२ महिने गुणिले ८.३७१, हातात एकरकमी १२ लाख ५ हजार ४२४. मुलीचं लग्न होतं, घराचा स्लॅब पडतो. पुढे १५ वर्षं दरमहा १२,००० वजा. भत्ता मात्र पूर्ण ३०,००० वर. १५ वर्षांनी विकलेला भाग परत जोडला जातो. ती तारीख लिहून ठेवा. एक आजोबा १६ वर्षं ११ महिन्यांनी आले होते. फरक दिला आम्ही, पण त्यांचा विश्वासच बसेना, सारखे विचारत होते, "परत नाही ना मागणार?"

दुचाकी_गुरुजी:

माझ्याकडून मागितले! प्राथमिक शिक्षक, ३४ वर्षं. निवृत्तीला दोन महिने असताना सेवापुस्तक वेतन पडताळणीला गेलं आणि कळलं की १७ वर्षांपूर्वी एक वेतनवाढ चुकून जादा लागली होती. वसुली २ लाख ११ हजार. चूक कारकुनाची, पगार हेडमास्तरांच्या सहीचा, आणि भरायचे मी. एका वकील विद्यार्थ्याने (गणितात ढ होता, देव त्याचं भलं करो) सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल काढून दिला. गट क आणि ड मधल्या माणसाकडून अशी वसुली करता येत नाही. निकालाची प्रत जोडून अर्ज केला, आठ महिन्यांनी वसुली थांबली. त्या आठ महिन्यांत मी पहाटे तीनला उठून बेरजा करायचो.

भुसावळकर:

रेल्वेत २००९ पासून. वडीलही रेल्वेत, त्यांनी पेन्शनचा कधी विचारच केला नाही, ती पहिल्या तारखेला यायची, गाडी यावी तशी. (बरं, गाडीपेक्षा वेळेवर.)

माझ्यापुढे युपीएसचा (केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेचा) फॉर्म आहे. २५ वर्षं भरली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, मागे पत्नीला त्यातलं ६० टक्के. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना, मी सध्या आहे ती) सरकार मूळ वेतन आणि भत्त्याच्या १४ टक्के भरतं आणि ते माझ्या खात्यात दिसतात. युपीएसमध्ये १८.५, पण त्यातले साडेआठ सामायिक निधीत, आणि माझ्या खात्याची रक्कमही शेवटी पेन्शनपोटी तिकडेच जमा. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन लगेच नाही, निवृत्तीचं वय गाठल्यावर. सप्टेंबरची मुदत वाढवून ३० नोव्हेंबर केली म्हणून आजवर ढकललं. रोज रात्री जेवण झालं की मी आणि बायको कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. काल ती म्हणाली, "आकडे कळले. पण आपण निवृत्त व्हायच्या आत नियम परत बदलले तर?" मी कॅल्क्युलेटर बंद केला. फॉर्म अजून कोराच आहे.

सातारकरीण:

सगळा धागा बाबांना वाचून दाखवला, दोनदा, मोठ्याने, कारण कानाचं यंत्र अजून घेतलेलं नाही. एसटीवाल्या काकांच्या आकड्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग पेपरवाल्याला फोन करून दुसरा पेपर चालू करायला सांगितला. यंत्रासाठी पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे.

त्यांचा निरोप आहे, जसाच्या तसा लिहिते: "हयातीचा दाखला दिला का सगळ्यांनी? ३० ला रविवार आहे. आदला शनिवार पाचवा, बँक चालू असते. आणि भुसावळच्या मुलाला सांग, त्याचा फॉर्मही रविवारवर ठेवू नको."